शाळेसाठी राखीव कोपरा

६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहिला की तू तो खोडायचीस आणि म्हणायचीस, "नमस्कार भेटल्यावर. कागदावर काम." म्हणून कामाचंच लिहिते.

काल साहेबांनी माझ्या टेबलावर एक फाइल ठेवली. वरचं नाव वाचलं आणि हातातला चहा फायलीवर सांडता सांडता राहिला. तुझ्या घरासमोरचं रान! ते शेती विभागातून काढून निवासी विभागात घ्यावं आणि तिथे भूखंड पाडायला परवानगी द्यावी, असा अर्ज एका बिल्डरने नगरपालिकेकडे केला आहे. जागेची पाहणी करायची, लोकांच्या हरकती जमवायच्या आणि अभिप्राय लिहायचा, हे सगळं माझ्या गळ्यात. नोकरीला लागल्यापासून मी गटारांच्या रुंद्या आणि कुंपणांच्या उंच्या तपासत बसले. पहिलं मोठं काम आलं, तेही तुझ्या अंगणात.

मी तशीच उठले आणि साहेबांना म्हटलं, "त्या रानासमोर माझी सख्खी आत्या राहते. शाळेत जायच्या आधीची सगळी वर्षं मी तिथे काढली आहेत. हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"रान आत्याचं आहे?"

"नाही."

"बिल्डर आत्याचा कोणी लागतो?"

"नाही हो, साहेब."

"मग झालं तर. नातं असणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा. लेखी द्या आणि कामाला लागा. तुम्ही इतक्या घाबरट आहात की तुमच्या हातून लबाडी व्हायची नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. लेखी मात्र दिलं.

आता आपल्या दोघींचा नियम. जाहीर न झालेलं काहीही मी तुला सांगणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. फोनवर तर या विषयावर अवाक्षर नको. पत्र असलं म्हणजे उद्या कोणालाही दाखवता येतं.

एकच विचारते, कारण ते फायलीतलं नाही, आपलं आहे. उताराच्या कोपऱ्यातला तो ओहोळ तुला आठवतो ना?

तुझी,
मोजपट्टी

११ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र वाचलं. भाचीने आत्याला लिहिलं आहे की आरोपीने फौजदाराला, असा प्रश्न पडला.

फलक लागला आहे. चांगला दाराएवढा, रंगीत. पांढरी घरं, निळं आकाश, आणि खाली एक बाई कुत्रा फिरवते आहे. इतकी सडपातळ बाई या भागात मी तरी पाहिलेली नाही. आपल्या रोपवाटिकावाल्याची शेळी दिवसभर फलकाच्या खांबाला पाठ घासते. प्रकल्पाचा तेवढा एक फायदा सुरू झाला. मोठी कमान माझ्या दारासमोरच येणार असं दिसतं. म्हणजे आता मला सकाळी उठल्याबरोबर केस विंचरून बसावं लागणार.

रोपवाटिकावाला चिडला आहे. "ताई, ही घरं झाली की माझ्या रोपांवर सावली पडेल, सह्या करा," म्हणतो. मी म्हटलं, "माझी भाची नगरपालिकेच्या कचेरीत आहे, मला त्यात ओढू नका."

फलकावर भूखंडांचा नकाशाही काढलाय, त्यात एक पिवळा चौकोन आहे. 'शाळेसाठी राखीव' असं लिहिलंय त्यावर. तू पाहिलाच असशील. मी तो रोज पाहून येते.

मोजपट्टी, तू नऊ वर्षांची होईपर्यंत मी तुला घरी शिकवलं, ते काही मला हौस होती म्हणून नाही. शाळेला जायचा तो हमरस्ता होता म्हणून. माझं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, शिकणाऱ्यांच्या नाही की शिकवणाऱ्यांच्याही नाही. जेवढं येत होतं तेवढं दिलं. इथली पोरं अजूनही त्याच रस्त्याच्या कडेने जातात. परवा एका ट्रकच्या वाऱ्याने रोपवाटिकावाल्याची धाकटी दप्तरासकट खड्ड्यात पडली. वाचली. गुडघे फुटले, ते मी धुतले.

असो. ओहोळाचं काय घेऊन बसलीस? काम नीट कर.

आत्या

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

परवा पाहणीला आले होते. तू खिडकीत उभी होतीस. मी हात केला नाही, कारण सोबत बिल्डरचा माणूस होता. तूही केला नाहीस. तुझ्या घरापासून दगडफेकीच्या अंतरावर उभं राहून मी तहानेने मेले, पण पाणी मागायला आले नाही. परतताना त्या माणसाने मला बाटली दिली, तीही घेतली नाही. गाडीचा चालक म्हणाला, "ताई, पाणी पिण्यानेही पक्षपात होतो का?" मी म्हटलं, "कुणाचं पितो त्यावर आहे." तो पूर्ण रस्ताभर हसत होता.

आता घडलं ते लिहिते. रान कोरडं ठणठणीत आहे. उतार दिसतो. ओहोळ दिसत नाही, सरकारी नकाशावरही नाही. बिल्डरच्या अहवालात 'पाण्याचा निचरा समाधानकारक' एवढं एकच वाक्य. पण मला ते पाणी आठवतं. तू मला रोज संध्याकाळी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावायचीस. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. दिवसभरातली प्रत्येक गोष्ट कुठे जाते ते ठरवायचं. "आजोबा चिडले" असं मी डावीकडे लिहिलं तर तू विचारायचीस, "चिडणं दिसलं की भुवया दिसल्या?" त्या दिवशी मी सात वर्षांची होते. पाऊस आदल्या दिवशीच थांबला होता आणि दगडी बांधाखालून पाणी येत होतं, गढूळ, न थांबणारं. मी काठी धरून उभी राहिले, तर ते माझ्या गुडघ्यांच्या वर आलं. तू मला दंडाला धरून बाहेर ओढलंस. दुसऱ्या दिवशी तिथे नुसता चिखल. "दर वर्षी येत नाही," तू म्हणालीस, "पण येतं तेव्हा विचारून येत नाही." मी ते डावीकडे लिहिलं होतं.

म्हणून (इथे मीच आपला नियम मोडते आहे) अभिप्रायात एक परिच्छेद घातला. 'उताराच्या कोपऱ्यात अतिवृष्टीच्या वर्षी प्रवाह येतो. प्रस्तुत सहायकाने तो स्वतः पाहिला आहे. सबब तपासणी होईपर्यंत बदल मंजूर करू नये.' साहेब म्हणाले, "सात वर्षांच्या साक्षीदारावर मी फाइल अडवू? दुसरं कोणी आहे?"

आहे. तू आहेस. तुला काय म्हणायचं ते तू नगरपालिकेला लेखी कळव. माझ्यासाठी म्हणून नको, खरं आहे म्हणून. पिवळ्या चौकोनाबद्दल मी काही बोलणार नाही. तो फलकावर आहे, आणि नकाशा वाचायला मला तूच शिकवलंस.

तुझी,
मोजपट्टी

४ मार्च

मोजपट्टी,

हे उभ्याने वाचू नकोस. खाली बस.

तो ओहोळ नव्हता.

तुला नदी शिकवायची होती. जवळपास नदी नाही, चित्र दाखवलं तर तू म्हणालीस, "हे तर ऐकलं झालं, पाहिलं कुठे?" हट्टी होतीस. मग मी वरच्या विहिरीवरची मोटर चालू केली, पाइप बांधाच्या मागे नेऊन सोडला आणि पाणी खाली येऊ दिलं. उगम, वळण, गाळ, सगळं तुला दाखवता आलं. तू इतकी हरखलीस की खरं सांगायचं राहिलं. मग तू मोठी झालीस. इतकी क्षुल्लक गोष्ट, तीही मी पार विसरले होते. तुझ्या पहिल्या पत्रात ओहोळ वाचला तेव्हा आठवलं, आणि लाज वाटली म्हणून विषय टाळला.

दंडाला धरून ओढलं ते खरं. पण पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं गं. सात वर्षांच्या पोरीला सगळंच गुडघ्याच्या वर असतं.

माझ्या एका खेळावरून तू सरकारी कागद लिहू नयेस. वेळेत सांगितलं, एवढंच.

आत्या

९ मार्च

प्रिय आत्या,

खाली बसूनच वाचलं, तरी जमीन सरकली.

दोन दिवस मला काही सुचलं नाही. कचेरीत एक माणूस जिन्याची उंची विचारायला आला, मी त्याला म्हटलं, "जिना आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंय का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. हसू नकोस. जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं त्याहून पक्कं माझ्याकडे काही नव्हतं. ते पाणी मला पायाला लागलं होतं, थंड. आता मी प्रत्येक गोष्टीला हात लावून बघते आहे. मधमाश्या बाजरीच्या कणसावर बसतात ते खरं होतं ना? ग्रहणाच्या वेळी काजळी धरलेल्या काचेतून दाखवलास तो सूर्यच होता ना?

साहेबांकडे गेले. म्हटलं, "परिच्छेद काढून टाकते. माझी चूक झाली."

"म्हणजे तुम्ही ते पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं होतं, साहेब. पण जे पाहिलं ते खरं नव्हतं."

"हे वाक्य मी फायलीवर कसं लिहू?" ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून थोडे नरमले. "कोणी सांगितलं खरं नव्हतं म्हणून?"

"जिने मला पाहायला शिकवलं, तिने."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी स्वतःच्या हाताने त्या परिच्छेदावर रेघ मारली, बाजूला सही केली. रेघ वाकडी आली. आता अभिप्राय बदलाच्या बाजूने आहे. बावीस तारखेला जाहीर सुनावणी, आणि त्यानंतर सर्वसाधारण सभेत मतदान.

मी रागावलेले नाही. सुन्न आहे, एवढंच.

मोजपट्टी

१४ मार्च

प्रिय मोजपट्टी,

ठीक केलंस. काजळीच्या काचेतला सूर्यच होता. बाजरीवरच्या मधमाश्याही खऱ्या.

जेवत जा वेळेवर.

आत्या

२६ मार्च

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

आधी सुनावणीचं. मी व्यासपीठावर टोकाला बसले होते, समोर नोंदींचे कागद. रोपवाटिकावाले बोलले, सावलीवर बोलता बोलता थेट सूर्यापर्यंत पोहोचले, साहेबांनी घंटी वाजवली. मग नाव पुकारलं गेलं आणि तिसऱ्या रांगेतून तू उठलीस. मला वाटलं, भास झाला. तू येणार आहेस हे तू मला कळवलंही नव्हतंस. निळी साडी, हातात पिशवी, माइक तोंडापासून लांब धरलेला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. म्हणालीस, "मी समोर राहते. घरं होऊ देत. त्या चौकोनात शाळा होऊ दे. आमच्या पोरांना रस्त्याच्या कडेने चालायला लावू नका." मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी नोंद लिहिली: 'लगतच्या रहिवासी, बाजूने.' पेन इतकं घट्ट दाबलं होतं की खालच्या कागदावरही उमटलं.

तू माझ्याशी न बोलता निघून गेलीस, त्याचं वाईट वाटलं. पण अभिमानही वाटला, ते खोटं कशाला सांगू?

रविवारी बाबांकडे गेले. जेवताना गंमत म्हणून त्यांना तुझी नदी सांगितली. मोटर, पाइप, सगळं. म्हटलं, बघा तुमची बहीण किती पोचलेली आहे.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "कसली मोटर? आपल्या विहिरीवर मोटर तू कॉलेजला गेलीस त्या वर्षी बसली. तोवर ताई आणि मी पोहऱ्यानेच पाणी काढायचो. माझ्या तळहातावर अजून घट्टे आहेत, बघ." त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेऊन पाहत बसले. घट्टे आहेत, आत्या.

मग ते म्हणाले, "आणि त्या कोपऱ्यात पाणी यायचंच की. एका वर्षी आमची वासरी त्यात गेली."

मी ताट बाजूला सारलं.

तू खोटं बोललीस. तू! मला वाटलं होतं तुझ्या तोंडून खोटं निघूच शकत नाही, जशी मांजर भुंकू शकत नाही. का, ते मला कळतं. शाळेसाठी. पण त्याच्या पुढचं मला कळत नाही. त्या कोपऱ्यात पाणी येतं हे तुला माहीत होतं. मग त्याच कोपऱ्यात तू मुलांना बसवायला कशी निघालीस? ती शाळा तिथे आहे, आत्या. उताराच्या कोपऱ्यात, दगडी बांधाला लागून. ज्या जागी तू मला दंडाला धरून ओढलंस, नेमक्या त्या जागी. बिल्डरला विकता येणार नाही असा तेवढाच एक भूखंड आहे, म्हणून तो शाळेला दिलाय.

तू हे जाणून बोललीस का?

उत्तर दे. मी परिच्छेद परत घालणार आहे, तू उत्तर दिलंस तरी आणि नाही दिलंस तरी.

३० मार्च

मोजपट्टी,

पोस्टमन गेला आणि मी तुझं पत्र अंगणात उभ्यानेच वाचलं. 'उताराच्या कोपऱ्यात' इथपर्यंत आले आणि मोठ्याने म्हणाले, "नाही गं, वेडे! शाळा वर आहे, टेकाडावर." कोंबड्या बिचकल्या. मग चपला न घालता तशीच फलकापाशी गेले.

पिवळा चौकोन वरच्या बाजूला आहे. डोळ्यांदेखत वरच्या बाजूला आहे. नकाशात वर उत्तर, आणि आपल्या रानात उत्तरेला टेकाड. खालच्या कोपऱ्यात हिरवी बाग. मला वाटलं, पाणी आलंच तर बागेत येईल, गवत भिजेल, दुसऱ्या दिवशी ओसरेल. एवढ्याशा ओल्या गवतासाठी तुझा तो परिच्छेद पोरांची अख्खी शाळा बुडवणार, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून खोटं बोलले. विचार करून बोलले, एका बैठकीत लिहून काढलं. मोटर कधी बसली, तेवढं तपासायचं राहिलं.

शेळीला बाजूला केलं आणि उत्तर दाखवणारा बाण शोधला. तो खाली आहे, त्या कुत्रेवाल्या बाईच्या पायाशी, नखाएवढा. टोक जमिनीकडे.

त्यांनी नकाशा उलटा लावलाय, गं. हमरस्त्याकडून बघणाऱ्यासाठी. कमान माझ्या दारासमोर नाहीच, ती हमरस्त्यावर आहे. मी फलकाकडे पाठ केली आणि मान वळवून पाहिलं, मग सगळं जागच्या जागी आलं. पिवळा चौकोन सरकत सरकत थेट बांधापाशी जाऊन बसला. मी तिथेच मातीत बसले. रोपवाटिकावाला धावत आला. "ताई, चक्कर आली का?" म्हटलं, "नाही हो, दिशा आली."

तुला शिकवलेला प्रत्येक नकाशा मी माझ्या हाताने काढला. वर उत्तर, नेहमीच. दुसऱ्या कोणी काढलेला नकाशा मी आजवर कधी वाचलाच नव्हता. बाण आधी बघायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी तुला सांगितलं नाही. ते तुला कॉलेजात कळलं असेल. तुला वाटलं, आत्याला तर येतच असणार.

त्या वर्षी तुला ओढलं तेव्हा तुझे पाय जमिनीवर नव्हते. मी तुला कधी सांगितलं नाही. तू काठी धरून मोजत होतीस आणि तुला कळलंही नाही की तू वाहायला लागली होतीस. त्या जागी मी पिवळ्या चौकोनात पोरं बसवत होते, माइक हातात घेऊन.

परिच्छेद घाल. पण त्याने भागायचं नाही. सुनावणीत माझं बोलणं नोंदलं गेलंय, तुझ्या हाताने. ते मला माझ्या तोंडाने मागे घ्यायचंय. सर्वसाधारण सभेत बाहेरच्याला बोलू देतात का, ते कळव. नाही म्हणाले तरी मी येतेय.

आत्या

१३ एप्रिल

प्रिय आत्या,

परवा सभेनंतर तू बस गाठायला धावलीस, म्हणून तुला न दिसलेलं आता लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ते साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे आधी तुम्ही पाहिलं होतं, मग पाहिलं नव्हतं, आता परत पाहिलं आहे."

"हो."

"माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत अशी फाइल झालेली नाही." मग त्यांनी माझ्याकडून खुलासा मागितला. मी दिला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी स्वतःचं पाहिलेलं खोडलं, असं त्यात लिहिलं आहे. तुझं नाव घातलं नाही, कारण खोडणारा हात माझा होता. त्याचा शेरा माझ्या सेवापुस्तकात लागेल. लागू दे.

तुला बोलू द्यायचं की नाही यावरच सभेत किती वेळ गेला, ते तू पाहिलंसच. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही तर सुनावणीत बाजूने बोलला होता." तू म्हणालीस, "तेच परत घ्यायला आले आहे. माझी भाची खरं लिहीत होती. मी खोटं सांगून तिच्याकडून खोडून घेतलं. त्या कोपऱ्यात पाणी येतं. तिथे शाळा बांधू नका. वर बांधा." मग बिल्डरचा माणूस उठला. वरचे भूखंड हमरस्त्याला लागून आहेत, ते शाळेला देता येणार नाहीत, कोपरा नको असेल तर आराखड्यात शाळाच राहणार नाही, म्हणाला. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. रोपवाटिकावालेसुद्धा, ज्यांना प्रकल्पच नको होता. तू माइकची दांडी धरून उभी होतीस. ती हलत होती, म्हणून कर्णा खरखरत होता.

"मग शाळा राहू दे," तू म्हणालीस. "पोरं राहू देत."

तू गेल्यावर ठराव झाला. कोपऱ्यात कसलंही बांधकाम नाही. प्रवाहाची तपासणी होईपर्यंत अर्ज परत. बिल्डरने फलक काढून नेला, असं ऐकते. शेळीने आता पाठ कुठे घासायची?

शाळेसाठी मी वेगळं टिपण लिहायला घेतलंय, पालिकेच्या स्वतःच्या जागेवर. कधी होईल, होईल की नाही, ठाऊक नाही. आशा लावत नाही.

पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. सभेचं इतिवृत्त मला लिहायचं होतं. बोलणारा कोण, ते कंसात लिहितात. तुझ्या बोलण्यापुढे मी लिहिलं: 'लगतच्या रहिवासी, नगररचना सहायकाच्या आत्या व पहिल्या शिक्षिका.' साहेबांनी आत्या राहू दिली, नातं उघड असावं म्हणून. 'व पहिल्या शिक्षिका' यावर रेघ मारली. "कामकाजाशी संबंध नाही," म्हणाले.

मी कागद परत टेबलावर नेला, शुद्ध प्रत काढली आणि ते शब्द पुन्हा घातले. साहेबांनी पेन उचललं. मी म्हटलं, "साहेब, हे मी पाहिलेलं आहे. आता खोडणार नाही." माझा आवाज इतका चिरका निघाला की शेजारच्या टेबलावरचे सगळे वळले.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सही केली.

तुझी,
मोजपट्टी